खोब्रागडे सरांचा कर्नल

आमच्या डोक्यावर राहणारे खोब्रागडे सर रोज सकाळी, गॅलरीत ऊन आलं की, पोरं मारायला घेतात.

आधीच सांगून ठेवते, फक्त तोंडानं. एरवी सर इतके सज्जन, की घरात पाल निघाली तर तिला झाडूनं हळूच जिन्याचा रस्ता दाखवतात. पण माझं ब्लाउज शिवायचं दुकान त्यांच्या गॅलरीच्या बरोबर खाली आहे आणि सरांचा आवाज मास्तराचा आहे, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. एखादी नवी बाई मापासाठी हात वर करून उभी असते आणि वरून ऐकू येतं, "बाप मेला का पोरगं अनाथ होते. आता त्या अनाथाचं काय करायचं?" बाई ताठ होते. मग, "पयल्या नंबरचा प्रोसेस त्याले दत्तक घेते." बाई जरा सैल होते. तोवर पुढचं येतं. "पन ज्या बापाले मेलेल्या पोराची विचारपूस करायले टाइम नाही, त्याचं पोरगं झोंबी होऊन तसंच पडून राहते."

एका बाईच्या मुंढ्याचं माप त्या दिवशी चुकलं ते चुकलंच. ती पुन्हा आली नाही.

मी गिऱ्हाइकांना समजावते की सर कॉम्प्युटर शिकत आहेत. त्यावर त्या विचारतात, कॉम्प्युटरमध्ये हे सगळं असतं? मी म्हणते, असतं. सरांनीच सांगितलंय. कॉम्प्युटरच्या पोटात सगळ्यात आत एक कारभारी बसलेला असतो, त्याला कर्नल म्हणतात. कोणता प्रोग्रॅम कधी चालणार, कोणाला किती जागा मिळणार, मेलेल्याची जागा मोकळी कधी करायची, सगळं तोच ठरवतो. चालू असलेल्या प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात, आणि एका प्रोसेसच्या पोटी दुसरा जन्मतो, म्हणून त्यांच्यात बाप आणि पोरं.

सर भिवापूरच्या हायस्कुलातून इंग्रजीचे मास्तर म्हणून रिटायर झाले आणि आमच्या मानेवाडा रोडच्या वस्तीत येऊन राहिले. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध शाळेच्या निकालापुरता. मुलगी प्राची बंगलोरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. मागे एका दिवाळीला ती आली, तेव्हा तिचा जुना लॅपटॉप इथे होता. तो इतका रखडायचा की चालू करून सर आंघोळीला जायचे. प्राचीनं त्याच्यातलं सगळं काढून लिनक्स टाकलं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी दुसरी व्यवस्था, तिच्या कर्नलसकट, आणि लॅपटॉप पळायला लागला. सरांनी विचारलं, कितीचं आहे? ती म्हणाली, फुकट. कोणाचं आहे? सगळ्यांचं. आतलं सगळं लिहिलेलं उघडं ठेवलेलं असतं, ज्याला वाटेल त्यानं वाचावं, चूक दिसली तर सुधारून पाठवावी.

आयुष्यभर लाल पेन चालवलेल्या माणसाला असं बोलू नये. प्राची बंगलोरला पोचायच्या आत सर कर्नलच्या पहिल्या ओळीला लागले होते. ती फोनवर म्हणाली, बाबा, हे कोणी सुरुवातीपासून वाचत नाही. सरांनी शांतपणे विचारलं, मग शेवटापासून वाचतात का?

तेव्हापासून त्यांची बैठक ठरलेली. गॅलरीत स्टीलचा स्टूल, स्टुलावर लॅपटॉप, आणि उन्हानं पडदा दिसत नाही म्हणून लॅपटॉपवर उघडलेली काळी छत्री. सरांच्या डोक्यावर मात्र ऊनच. एक ओळ इंग्रजीत मोठ्यानं वाचायची, मग तिचा अर्थ मराठीत सांगायचा, शाळेत धडा घेतात तसा. उन्हाळ्यात आतला कूलर धडधडायला लागला की आवाज पोचत नाही, म्हणून सर कूलर बंद करतात. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करणाऱ्या माणसाबद्दल लोक काय बोलत असतील ते मी लिहीत नाही.

त्या कर्नलच्या कारभारातली एक गोष्ट सरांच्या मनात फार बसली. आतला कुठलाही प्रोग्रॅम स्वतःच्या मनानं कशालाही हात लावू शकत नाही. पडद्यावर एक अक्षर काढायचं असलं तरी आधी कर्नलला विचारावं लागतं. सरांना हे इतकं पटलं की ते बाहेरच्या जगातही तसंच विचारू लागले. "परवानगी कोनाची?" हे त्यांचं पालुपद झालं. वस्तीत रस्ता खोदायला माणसं आली तेव्हा सर चपला घालून खाली उतरले आणि खड्ड्याच्या काठावर उभे राहून म्हणाले, "परवानगी कोनाची?" ठेकेदाराच्या माणसानं बिचाऱ्यानं खरंच कागद काढून दाखवला. सरांनी तो वाचला, खिशातलं पेन काढून दोन ठिकाणी स्पेलिंग दुरुस्त केलं आणि "चालू द्या" म्हणून वर गेले.

मला मात्र सरांनी एक गोष्ट अशी समजावली की ती मी विसरले नाही. मी विचारलं होतं, एका वेळी इतके प्रोग्रॅम चालतात कसे? सर म्हणाले, "तुह्या मशीनवर एका टायमाले ब्लाउज किती?" म्हटलं, एकच. "आन् हातात घेतलेले?" म्हटलं, गठ्ठा पडलाय. "मंग बायाइले काय सांगते तू?" म्हटलं, सांगते की तुमचंच चालू आहे. "बस. कर्नल तेच करते. याचे चार टाके, त्याचे चार टाके, इतक्या लवकर का प्रत्येकाले वाटते माहंच चालू हाये." मी त्या दिवशी जरा ताठ मानेनं मशीनवर बसले. खोटं बोलते असं वाटायचं, ते आता पद्धतीचं निघालं.

गल्लीत सगळ्यांना असं कळलं नाही. समोरचे शेंडे काका फौजेतले हवालदार, कामठीच्या छावणीतून निवृत्त झालेले. सरांनी एकदा जिन्यात त्यांना सांगितलं की आज सकाळी कर्नल पॅनिक झाला. आतला कारभारी असा अडला की त्याला पुढे काहीच करता येईना, तर तो जागच्या जागी थांबतो, त्याला तसं म्हणतात. शेंडे काकांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, कोणता कर्नल? सर म्हणाले, माझा. शेंडे काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "शिपाई होते पॅनिक. कर्नल नाही होत. मी पायले हाये ना." सरांनी उभ्या उभ्या त्यांना सगळं समजावलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं, आणि तेव्हापासून भेटले की अदबीनं विचारतात, "कर्नलसाहेबाची तब्येत बरी हाये ना?"

सर म्हणतात, बरी आहे.

हे सगळं हसण्यासारखंच होतं, आणि आम्ही हसत होतो. पण त्या घरात सुमनकाकूही आहेत. सरांच्या बायको. त्या प्राथमिक शाळेत बाई होत्या, वर्गाला शुद्धलेखन घालण्यात हयात गेलेली. रिटायर झाल्या आणि साखरेनं डोळे नेले. आधी धूसर झालं, मग एका डोळ्याचं गेलं, मग दुसऱ्याचं. आता उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. घरात भिंतीच्या अंदाजानं हिंडतात, खाली क्वचित उतरतात. आणि सर कर्नल वाचतात तेव्हा त्या गॅलरीत शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या असतात, मांडीवर हात ठेवून.

बायकांना याचं वाईट वाटायचं. दुकानात त्यावर बोलणं निघे. डोळे गेलेल्या बाईला जवळ बसवून हे काय झोंबी आणि अनाथ ऐकवायचं? पेपर वाचून दाखवावा, एखादी गोष्ट वाचावी, बुद्धवंदना घ्यावी. बिचाऱ्या काकू, उठून कुठे जाता येत नाही म्हणून ऐकतात. शेवटी ठरलं की मी त्यांच्या घरात जाते-येते, तर मीच काकूंशी बोलावं, आणि त्या हो म्हणाल्या तर सरांनाही दोन शब्द सांगावेत.

मी गेले. सर दळण आणायला गेले होते. काकू शेंगा सोलत होत्या. बोटांनी दाणा काढून वाटीत टाकायच्या, एकही बाहेर पडत नव्हता. मी आडून आडून सुरुवात केली. म्हटलं, काकू, सरांच्या त्या वाचण्याचा तुम्हाला त्रास होत असेल. त्यांनी हात थांबवला.

"कोन म्हनते?"

मी म्हटलं, आम्हीच आपलं. पेपर वगैरे वाचला तर तुमचाही वेळ जाईल.

काकू हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते, कारण त्या बराच वेळ बोलत होत्या आणि मधे मधे थांबत होत्या. डोळे गेल्यावर सरांनी आधी पेपरच वाचायला घेतला होता. मग गोष्टींची पुस्तकं. सर वाचायचे आणि मधेच थांबून समजावायचे, याचा अर्थ असा, त्याचा अर्थ तसा. येणारे-जाणारेही तसेच. हळू बोलायचे, मोठ्यानं बोलायचे, जणू कानही गेले. जो तो काहीतरी शिकवायचा. हे तुमच्या डाव्या हाताला आहे, हे गरम आहे. आणि काही विचारायचं असलं की त्यांना नाही, सरांना विचारायचे. त्या समोर बसलेल्या असताना लोक सरांकडे बघून म्हणत, काकूंनी जेवण केलं का? काकूंना झोप लागते का?

"लोकाइचा आवाज कोनीकडे जाते ते समजते ना वं," त्या म्हणाल्या. "तो माह्याकडे येतच नव्हता."

मग एक दिवस त्यांनी सरांना सांगितलं, मला तुम्हाला येतं ते काही वाचून दाखवू नका. तुम्हालाही येत नाही असं काही आणा. दोघंही बिनअकलेचे बसू. त्याच दिवाळीत प्राचीनं तो लॅपटॉप सुधारला होता. सर दोन ओळी वाचायचे आणि अडकायचे. काकू विचारायच्या, म्हणजे काय? आणि सर, ज्यांनी जन्मात वर्गासमोर 'मला माहीत नाही' असं म्हटलं नव्हतं, ते म्हणायचे, माहीत नाही. मग दोघं मिळून डोकं लावायचे. ते बापाचं आणि पोराचं आधी काकूंना उमगलं होतं, सरांना मागाहून. कूलरही काकूच बंद करायला लावत होत्या.

"तुमी बाया समजून राहिल्या का ते मले आयकवते," काकू पुन्हा शेंगांकडे वळल्या. "ते मले नाही आयकवत. आमी वाचून राहिलो."

मी खाली आले आणि बायकांना सांगितलं की काकूंना आवडतं. जास्त काही सांगितलं नाही.

चूक सापडली ती हिवाळ्यात. त्या कर्नलमध्ये मधे मधे साध्या इंग्रजीत समजावण्याच्या ओळी लिहिलेल्या असतात, वाचणाऱ्यासाठी. सर तशीच एक ओळ वाचत होते. काकूंनी हात वर केला. म्हणाल्या, तुम्ही एक शब्द दोनदा म्हणालात. सर म्हणाले, मी एकदाच म्हणालो. मी मशीन थांबवून खालून ऐकत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही दोनदाच ऐकू आला होता. थोडी बाचाबाची झाली. मग सर छत्रीत डोकं घालून बघू लागले. एका ओळीच्या शेवटी जो शब्द होता, तोच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पुन्हा लिहिला होता. तोंडानं वाचला होता, डोळ्यानं पाहिला नव्हता. जगभरची माणसं ती ओळ वाचून पुढे गेली असतील. काकूंच्या शुद्धलेखनाच्या कानानं पकडला.

सरांना त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. आनंदानं. एक शब्द खोडायचा होता, पण तो सगळ्या जगाच्या कर्नलमधून खोडायचा होता. त्यांनी ई-मेल लिहिलं. मला वाचून दाखवलं होतं, मला इंग्रजी फारसं येत नाही, पण ते रजेच्या अर्जासारखं वाटलं. मान्यवर महोदय, सविनय निवेदन, आपला नम्र. दुरुस्ती वेगळ्या फाइलमध्ये, वरती शाळेच्या पत्राला असते तशी चौकट.

बरेच दिवस उत्तर आलं नाही. मग आलं. कोण्या परदेशातल्या माणसानं लिहिलं होतं की दुरुस्ती बरोबर आहे पण पद्धत चुकली. वेगळी फाइल नको, चौकट नको, साधं लिहा. आणि काय बदल केला ते आज्ञार्थात लिहा. 'मी नम्रपणे काढले आहे' असं नको. 'काढा' असं.

सर लालबुंद झाले. भिवापूरच्या कित्येक पिढ्यांना आज्ञार्थ शिकवलेल्या माणसाला कोणीतरी आज्ञार्थ शिकवत होतं. त्यांनी लॅपटॉप मिटला, छत्री मिटली, स्टूल आत नेला. गॅलरी रिकामी राहिली. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं, गिऱ्हाईक निवांत होतं. पण ऊन येऊन परत जायचं आणि वरून आवाज नाही. मशीन चालवताना सारखं वर लक्ष जायचं. शेंडे काकाही येऊन विचारून गेले, कर्नल बदली झाला का?

चार-पाच दिवसांनी मी वर गेले तेव्हा सर खिडकीशी बसले होते. त्यांचं म्हणणं, मोठ्या माणसांना 'काढा' असं लिहिणं त्यांना जमणार नाही. बोटच उठत नाही. काकू आतून म्हणाल्या, "मले तर जिंदगीभर तसंच बोलले तुमी. चहा आन, चष्मा दे. तवा उठलं बोट?"

सरांनी त्या दिवशी चहा स्वतः केला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल बाहेर आला.

पुढचं ई-मेल बरोबर गेलं. त्या परदेशातल्या माणसाचं उत्तरही लवकर आलं, की आता ठीक आहे, घेतो. प्राचीला कळलं तेव्हा ती फोनवर ओरडलीच. तिच्या ऑफिसातल्या पुष्कळ जणांचंही नाव तिथे नाही म्हणे. ज्याची दुरुस्ती घेतात त्याचं नाव तिच्या नोंदीत राहतं, तसं सरांचं नाव कायमचं लागणार होतं. आम्ही खाली पेढ्यांची तयारी केली. आणि सरांनी काय करावं? त्यांनी त्या माणसाला लिहिलं, कृपया थांबा. अजून एक नाव राहिलंय.

चूक कोणी दाखवली, त्याचं नाव लिहायची वेगळी ओळ असते, हे सरांना कर्नलवाल्यांच्या नियमांत त्याच आठवड्यात सापडलं होतं. प्राचीनं समजावलं की एका शब्दासाठी कोणी ती ओळ लिहीत नाही, आणि पुन्हा पाठवलं तर तो माणूस कंटाळेल, दुरुस्ती राहूनही जाईल. काकू तर हातच जोडू लागल्या. म्हणाल्या, कशाला? नाव कोणाचंही असलं तरी शब्द निघेलच ना.

सर म्हणाले, "चूक मले दिसली नाही. तुले आयकू आली. मी खोटं लिहू का?"

नावासोबत ई-मेलचा पत्ता लागतो. काकूंचा नव्हता. सरांनी तो काढला, त्यात अर्धा दिवस गेला, कारण त्या नावाचे पत्ते आधीच लोकांनी घेऊन ठेवलेले. मग तिसऱ्यांदा सगळं लिहून पाठवलं. आणि आम्ही सगळेच, मी, शेंडे काका, दुकानातल्या दोन-तीन बायका, वाट बघत बसलो.

उत्तर आलं त्या वेळी मी वरच होते. काकूंच्या ब्लाउजला हुकांऐवजी चिकटपट्टी लावून दिली होती, ती घालता येते का ते बघायला गेले होते. गॅलरीत दोघं नेहमीसारखे बसलेले. सर छत्रीत वाकून बघत होते. काकूंनी विचारलं, घेतलं का? सर म्हणाले, घेतलं. मग म्हणाले, पण मला नाही लिहिलं. तुला लिहिलंय. तुझ्या पत्त्यावर आलंय.

काकूंना वाटलं सर थट्टा करत आहेत.

"काय लिवलं?"

सरांनी वाचलं. "हाय सुमन." मग अर्थ सांगितला, चूक दाखवल्याबद्दल आभार, आम्हा कोणाच्या लक्षात आली नव्हती. एवढंच होतं. दोन ओळी.

काकू म्हणाल्या, पुन्हा वाचा. सरांनी वाचलं. नुसतं सुमन म्हणणारं त्यांच्या आयुष्यात आता कोणी उरलेलं नाही. शाळेत बाई, वस्तीत काकू, प्राचीची आई, आणि सर तर 'आयकलं का' म्हणतात. काकूंनी बसल्या जागी पदर खांद्यावर सारखा केला आणि पाठ सरळ केली.

"उत्तर द्या लागन ना?"

सर म्हणाले, नाही दिलं तरी चालतं. तिथे कामापुरतंच लिहितात.

"लिवा तुमी," काकू म्हणाल्या. "लिवा का, मी शाळेत मास्तरीन होती. आन् त्याले इचारा, त्याच्याकडे आत्ता सकाळ हाये का रात."

सर म्हणाले, असलं तिथे कोणी विचारत नाही. नियमात बसत नाही.

काकू वाट बघत राहिल्या. सरांनी चष्मा पुसला, छत्री जरा पुढे ओढली आणि एकेक कळ बघून टाइप करायला घेतलं. प्रत्येक शब्द आधी मोठ्यानं म्हणत होते, आणि काकूंनी मान हलवली की पुढचा.